दोन अस्थिर, एक स्फटिक

परीक्षानळीच्या तळाशी पांढराशुभ्र साका बसलेला असतो. त्यावर अमोनियाच्या द्रावणाचे चार थेंब पडतात आणि साका बघता बघता काळा होतो. नांदेड, लातूर, परभणीकडच्या कॉलेजांतून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या जुन्या पिढीला ही खूण तोंडपाठ असे. अज्ञात क्षारात पहिल्या गटाचा धातू आहे एवढं कळलं, की शिसं, चांदी आणि पारा यांतून एक निवडायचा. साका गरम पाण्यात विरघळला तर शिसं, अमोनियात विरघळला तर चांदी, आणि काळा पडला तर पारा. वहीत ‘मर्क्युरस’ लिहून विद्यार्थी पुढच्या नळीकडे वळत.

पण ती नळी क्षणभर हातात धरून ठेवण्यासारखी आहे. अमोनिया काही पाऱ्याला इलेक्ट्रॉन देत नाही की त्याच्याकडून घेत नाही. तरीही साक्यातला निम्मा पारा संयुगातून सुटून धातू होतो. त्याचे कण इतके बारीक असतात की चकाकण्याऐवजी काळे दिसतात. उरलेला निम्मा पारा त्याच वेळी वरच्या संयुजेत जाऊन अमोनियाशी बांधला जातो. बाहेरून कुणी ओढलं नाही, ढकललं नाही, तरी संयुगानं आपले आपण दोन भाग केले. मर्क्युरस संयुगांच्या सगळ्या अस्थिरपणाचं मूळ या फुटण्यात आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८९६ मध्ये प्रफुल्लचंद्र रे नावाच्या ३४ वर्षांच्या प्राध्यापकानं पाऱ्याचा एक पिवळा क्षार जगापुढे ठेवला. त्याची दखल लंडनच्या ‘नेचर’नं का घ्यावी, हेही या फुटण्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पारा पातळ का?

पाऱ्याच्या अणुकेंद्रात ८० प्रोटॉन असतात. एवढ्या मोठ्या धनभाराजवळ फिरणाऱ्या सगळ्यांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ५८ टक्के असतो. या वेगाला आइनस्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू होतात. इलेक्ट्रॉनांचं वस्तुमान वाढल्यासारखं होतं आणि त्यांच्या कक्षिका आकसतात. हे आकसणं आतल्या थरापुरतं राहत नाही. सर्वांत बाहेरचे दोन इलेक्ट्रॉनही केंद्राकडे ओढले जातात. मग पाऱ्याचा अणू ही जोडी शेजारच्या अणूबरोबर वाटून घ्यायला नाखूश असतो. अणू एकमेकांना सैल धरतात आणि धातू खोलीच्या तापमानाला पातळ राहतो.

हा तर्क २०१३ मध्ये संगणकावर तपासला गेला. सापेक्षतेचा परिणाम वगळून गणित केलं, तर पारा ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला हवा असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो उणे ३९ अंशाला वितळतो. म्हणजे हा परिणाम नसता, तर मे महिन्यातल्या नांदेडच्या उन्हातही पारा घट्टच राहिला असता आणि तापमान मोजायला माणसाला दुसरं काही शोधावं लागलं असतं.

पाऱ्यानं ते दोन्ही बाहेरचे इलेक्ट्रॉन गमावले की मर्क्युरिक आयन होतो. एकच गमावला तर मागे एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो. असा एकटा इलेक्ट्रॉन घेऊन पाऱ्याचा अणू राहत नाही. तसाच दुसरा अणू गाठून तो त्याच्याशी बंध जोडतो. म्हणून मर्क्युरस आयन म्हणजे पाऱ्याचे एकमेकांना घट्ट बांधलेले दोन अणू आणि त्यांच्यावरचे दोन धनभार. याचा पहिला भक्कम पुरावा १८९८ मध्ये ऑग या संशोधकानं विद्युतघटांवरच्या प्रयोगांतून दिला. म्हणजे रे यांच्या लेखानंतर दोन वर्षांनी. पुढे १९३४ मध्ये रामन वर्णपटात या दोन अणूंच्या बंधाचं कंपन थेट दिसलं. क्ष-किरणांनी अंतरं मोजली गेली. पातळ पाऱ्यात शेजारचे अणू सुमारे ३ अँगस्ट्रॉमवर असतात, मर्क्युरस जोडीत ते अंतर अडीच अँगस्ट्रॉमच्या आसपास येतं. दोन्हीकडे धनभार असूनही हे अणू धातूतल्यापेक्षा जवळ येतात.

फुटण्याचं कारण

ही जोडी घट्ट असली तरी पाण्यात ती एका समतोलात जगते. काही जोड्या फुटून एक अणू धातू होतो आणि दुसरा मर्क्युरिक आयन. उलट, धातूचा अणू आणि मर्क्युरिक आयन पुन्हा एकत्र येऊन जोडीही बनते. दोन्ही क्रिया सतत चालू असतात. एकूण हिशेब जोडीच्या बाजूनं झुकलेला असतो. साधारण शंभर जोड्यांमागे एक मर्क्युरिक आयन, या पट्टीतला. ऊर्जेच्या भाषेत ही आघाडी फार मोठी नाही.

त्यामुळे मर्क्युरिक आयनाला पकडून ठेवणारा कुणी द्रावणात आला की सारं बिघडतं. एकाच झऱ्यावरच्या दोन विहिरींपैकी एकीवर मोटार लावली, की शेजारच्या शेतातल्या दुसरीचं पाणी उतरू लागतं, तसं हे आहे. अमोनिया, अल्क, सल्फाइड, सायनाइड हे सगळे मर्क्युरिक आयनाला घट्ट धरतात. ते त्याला द्रावणातून उपसतात, तो भरून काढायला आणखी जोड्या फुटतात, आणि शेवटी जोड्याच शिल्लक राहत नाहीत. पांढरा साका काळा पडतो तो असा. म्हणूनच मर्क्युरस सल्फाइड किंवा मर्क्युरस हायड्रॉक्साइड बाटलीत भरून फडताळावर ठेवता येत नाही. करायला जावं तर हाती धातू आणि मर्क्युरिक संयुग पडतं.

आता यात नायट्राइट आणा. नायट्रस आम्ल हे स्वतः डळमळीत आम्ल आहे. सोडियम नायट्राइटची पांढरी पूड वर्षानुवर्षं बाटलीत राहते, पण तिच्या द्रावणात विरल आम्ल घातलं की नायट्रस आम्ल तयार होतं आणि लगेच मोडू लागतं. त्यातला काही भाग नायट्रिक आम्ल होतो, उरलेल्याचा नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो. हवेत येताच त्या वायूचा तपकिरी धूर होतो. नायट्राइटची चाचणी घेताना नळीच्या तोंडाशी दिसतो तो हा धूर.

शिवाय नायट्राइट आयन मर्क्युरिक पाऱ्याशी चांगला बांधला जातो. म्हणजे मर्क्युरस नायट्राइट हे संयुग दोन्हीकडून अडचणीत आहे. पाऱ्याची जोडी फुटायला टपलेली, नायट्राइट आम्लात मोडायला टपलेला, आणि वर नायट्राइटच ती जोडी फोडायला मदत करणारा. असा क्षार तीव्र आम्लधर्मी द्रावणातून आपणहून स्फटिक होऊन खाली बसेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर कोणत्याही रसायनशास्त्रज्ञानं नकारार्थी मान हलवली असती.

प्रेसिडेन्सी कॉलेजातली बशी

प्रफुल्लचंद्र रे यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आजच्या बांगलादेशातल्या खुलना भागात, राडुली गावी झाला. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले, तिथे अलेक्झांडर क्रम ब्राउन यांच्या हाताखाली शिकले आणि १८८७ मध्ये डी.एससी. झाले. परत आल्यावर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना २५० रुपये महिन्यावर जागा मिळाली. तेवढ्याच पात्रतेच्या इंग्रज माणसाला वरच्या श्रेणीत घेतलं जाई. हिंदी माणसासाठी प्रांतिक श्रेणी होती. १८९४ मध्ये कॉलेजला नवी रसायनशाळा मिळाली. तिच्या रचनेत एडिंबरोच्या प्रयोगशाळेचा नमुना समोर होता.

तोवर रे यांचं काम दोन बाजूंनी चाललं होतं. बाजारातलं तूप आणि मोहरीचं तेल यांत काय भेसळ असते याचं रासायनिक परीक्षण त्यांनी केलं होतं. दुसरीकडे मेंडेलेयेव्हच्या आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागांनी त्यांना ओढ लावली होती. भारतातल्या दुर्मीळ खनिजांत एखादं नवं मूलद्रव्य सापडेल या आशेनं भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या टॉमस हॉलंड यांच्याकडून नमुने मिळवून त्यांनी विश्लेषण सुरू केलं होतं. मूलद्रव्य हाती लागलं नाही. त्याआधीच पाऱ्यानं त्यांना दुसऱ्या वाटेवर नेलं.

त्या काळी कॅलोमेल म्हणजे मर्क्युरस क्लोराइड हे औषध म्हणून सर्रास दिलं जाई. ते बनवण्याची एक वाट मर्क्युरस नायट्रेटवरून जाते. म्हणून रे यांना मर्क्युरस नायट्रेट मोठ्या प्रमाणात हवं होतं. पारा भरपूर घ्यायचा, त्यावर विरल नायट्रिक आम्ल घालायचं आणि न तापवता तसंच ठेवायचं, ही त्याची रीत. पारा जास्त असला की तयार झालेला मर्क्युरिक आयन धातूला भेटून पुन्हा मर्क्युरस होतो, म्हणून ही काळजी. पांढरे स्फटिक मिळतील अशी अपेक्षा असताना रे यांना पाऱ्यावर पिवळ्या स्फटिकांचा थर दिसला.

पाऱ्यावर नायट्रिक आम्ल घालून बसलेल्या कितीतरी रसायनशास्त्रज्ञांना असे पिवळे कण दिसले असणार. पाऱ्याचे अल्कधर्मी क्षार पिवळे असतात हे सर्वांना ठाऊक होतं आणि तो खुलासा तयार होता. रे यांनाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण त्यांना लगेच एक गोष्ट खटकली. अल्कधर्मी क्षार आम्ल कमी पडल्यावर तयार होतो. इथे तर द्रावण तीव्र आम्लधर्मी होतं. तिथे असा क्षार कसा बसेल? त्यांनी साधी चाचणी घेतली. पदार्थ मर्क्युरस निघाला, आणि नायट्राइटही निघाला.

साधी चाचणी इशारा देते. पदार्थाचं नाव ठरवायला तराजू लागतो. आजच्या अणुभारांनी हिशेब मांडला तर पेच नेमका कुठे होता ते दिसतं. मर्क्युरस नायट्राइटमध्ये वजनानं ८१.३ टक्के पारा असतो. साध्या मर्क्युरस नायट्रेटमध्ये ७६.४ टक्के. पण एका साध्या रचनेचा अल्कधर्मी नायट्रेट धरला, तर त्यात ८३.५ टक्के पारा येतो. नुसता पारा मोजून ८१.३ आणि ८३.५ यांत फरक करायचा, तर स्फटिकांना चिकटलेलं थोडं मूळ द्रावणही घोळ घालू शकतं. नायट्रोजन मोजला की चित्र स्वच्छ होतं. नायट्राइटमध्ये तो ५.७ टक्के, त्या अल्कधर्मी नायट्रेटमध्ये जेमतेम २.९ टक्के. जवळजवळ निम्मा. उलट साध्या नायट्रेटमधला नायट्रोजन ५.३ टक्के असल्यानं तिथे नायट्रोजनावर भिस्त ठेवून चालत नाही, पाऱ्याचा आकडा पाहावा लागतो. दोन्ही आकडे एकाच वेळी जुळवणारं सूत्र एकच उरतं.

पिवळे कण बशीत दिसले, हा योगायोग म्हणता येईल. पण हाताशी असलेला सोयीचा खुलासा द्रावणातल्या आम्लाशी जुळत नाही म्हणून तो बाजूला ठेवला, तिथे शोध सुरू झाला.

रे यांचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. ‘नेचर’च्या २८ मे १८९६ च्या अंकात त्याचा उल्लेख झाला. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाला रसायनशास्त्राच्या ग्रंथालयात फारशी जागा नसते, असा टोमणा त्यात होता. पण हा लेख मात्र लक्षात घेण्याजोगा आहे, असंही पुढे म्हटलं होतं. फ्रान्सचे बर्थेलो, इंग्लंडचे रॉस्को यांनी रे यांचं अभिनंदन केलं. या एका संयुगानं आपल्या आयुष्याचं नवं प्रकरण उघडलं, असं रे यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

ते टिकतं कसं?

नायट्रिक आम्लाची धातूवरची क्रिया वाटते तितकी सरळ नाही. नायट्रस आम्लाचा अंशही नसलेलं शुद्ध विरल नायट्रिक आम्ल तांब्याला किंवा पाऱ्याला फारसं हात लावत नाही. थोडं नायट्रस आम्ल असलं की क्रिया सुरू होते, आणि त्या क्रियेतून आणखी नायट्रस आम्ल तयार होतं. ऑक्सफर्डचे व्हेली यांनी हे १८९० च्या सुमारास दाखवलं होतं. म्हणजे पाऱ्याच्या पृष्ठभागाला लागून एक पातळ थर असा असतो, जिथे मर्क्युरस आयन आणि नायट्रस आम्ल दोन्ही नव्यानं जन्मत असतात. द्रावण थंड असल्यानं नायट्रस आम्ल मोडण्याचा वेग कमी राहतो. धातू भरपूर असल्यानं मर्क्युरिक आयन वाढू शकत नाही. नायट्रस आम्ल मोडायच्या आत आणि जोडी फुटायच्या आत दोघे भेटतात. भेटून जो क्षार होतो, तो त्या द्रावणात कमी विरघळतो, म्हणून स्फटिक होऊन बाजूला पडतो. स्फटिकात अडकलेल्या आयनांना इकडेतिकडे जायला मोकळीक नसते, आणि कोरडे केले की ते बऱ्यापैकी टिकतात.

याची दुसरी बाजूही रे यांनीच दाखवली. हे पिवळे स्फटिक भरपूर पाण्यात टाकले की त्यांचं फुटणं सुरू होतं. राखाडी रंगाचा बारीक पारा खाली बसतो आणि वरच्या द्रावणात मर्क्युरिक नायट्राइट जातं. पाण्यात नायट्राइट आयन मोकळा होतो, मर्क्युरिक आयन पकडतो, आणि जोड्या फुटत जातात. म्हणजे रे यांनी अस्थिर पदार्थाला कायमचं स्थिर केलं, असं जे कौतुकानं लिहिलं जातं ते थोडं अघळपघळ आहे. संयुग जसं होतं तसंच आहे. कोणत्या परिस्थितीत ते उभं राहतं आणि कोणत्या परिस्थितीत मोडतं, हे त्यांनी दाखवून दिलं. रसायनशास्त्रात ‘अस्थिर’ हा शब्द एकटा फारसा काही सांगत नाही. कशात, किती तापमानाला, कुणाच्या सोबत, एवढं विचारल्यावरच त्याला अर्थ येतो.

पाऱ्याच्याच घरात अस्थिरतेचा दुसरा, भयंकर नमुना आहे. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८०० मध्ये मर्क्युरी फल्मिनेटचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे संयुग पाण्यात हळूहळू फुटत बसत नाही. धक्का किंवा ठिणगी मिळाली की क्षणात स्फोट. बंदुकीच्या टोप्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात तेच वापरलं गेलं. आल्फ्रेड नोबेलनं नायट्रोग्लिसरीन उडवण्यासाठी जी पेटवण्याची टोपी बनवली, तिच्यातही तेच होतं. मराठवाड्यात काळा पाषाण फोडून विहीर खोदताना सुरुंगात जी ‘कॅप’ घालतात, ती याच टोपीच्या वंशातली. आताच्या कॅपमध्ये मात्र पाऱ्याऐवजी शिशाची संयुगं आली.

दोन्ही संयुगांना पुस्तकात ‘अस्थिर’ म्हणतात. फल्मिनेटमध्ये खूप ऊर्जा कोंडलेली असते आणि ती बाहेर पडायला जरासं निमित्त पुरतं. मर्क्युरस नायट्राइटमध्ये दोन अवस्थांच्या ऊर्जेत थोडाच फरक असतो आणि भोवतालचं द्रावण तो फरक कुठल्या बाजूला झुकवायचा ते ठरवतं. एकाला सांभाळायचं तर धक्क्यापासून, दुसऱ्याला पाण्यापासून.

नायट्राइटांच्या मागे

पुढची अनेक वर्षं रे यांनी नायट्राइटांचाच माग काढला. त्यांतलं सर्वांत गाजलेलं काम अमोनियम नायट्राइटचं. हा क्षार किंचित तापवला तरी त्याचा नायट्रोजन वायू आणि पाणी होतं, हे शाळेतही शिकवलं जातं. प्रयोगशाळेत नायट्रोजन करण्याची ती पद्धतच आहे. असा पदार्थ बाष्परूपात मिळवणं अशक्य मानलं जाई. रे यांनी निर्वातात, सांभाळून तापवून त्याची वाफ मिळवली आणि तिची घनता मोजली. १९१२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांनी हे काम मांडलं, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी त्यांची पाठ थोपटली. इथेही प्रश्न तोच होता: पदार्थ अस्थिर आहे खरा, पण कोणत्या परिस्थितीत?

ज्या कॅलोमेलपायी हा सगळा प्रवास सुरू झाला, तो पदार्थ भारतीय वैद्यकाला अनोळखी नव्हता. रसशास्त्रात हिंगूळ, कज्जली, रससिंदूर, रसकर्पूर अशी पाऱ्याच्या कल्पांची मोठी परंपरा आहे. वाग्भटाच्या नावावर असलेला ‘रसरत्नसमुच्चय’ हा त्यातला मोठा ग्रंथ. पुण्याच्या आनंदाश्रमानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो छापला. रे यांनी या परंपरेचा अभ्यास करून ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ इंग्रजीत लिहिला. त्याचा पहिला खंड १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये आला. जुन्या ग्रंथांचं नुसतं गुणगान त्यांनी केलं नाही. त्यांतल्या कृती आधुनिक रसायनाच्या नजरेनं वाचल्या आणि आपल्याकडे हाताचं काम खालच्या जातींवर ढकलून विद्वान मंडळी प्रयोगापासून दूर गेली, ही टीकाही स्पष्ट केली.

मराठी वाचकाला रे यांची आणखी एक ओळख गोपाळ कृष्ण गोखल्यांमुळे होते. गोखले तेव्हा कायदेमंडळाच्या कामासाठी कलकत्त्यात राहत आणि रे त्यांचे शेजारी होते. १९०२ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधीजी महिनाभर गोखल्यांकडे मुक्कामाला होते. गोखल्यांनी त्यांना रे यांची ओळख करून देताना सांगितलं, की या प्राध्यापकांना महिना ८०० रुपये मिळतात, त्यातले ४० ते स्वतःला ठेवतात आणि बाकीचे सार्वजनिक कामात घालतात. गांधीजींनी ही भेट आत्मकथेत लिहून ठेवली आहे. १९ जानेवारी १९०२ रोजी कलकत्त्याच्या अल्बर्ट हॉलमध्ये गांधीजींचं भाषण झालं, त्याच्या खटपटीत रे पुढे होते. १८९२ मध्ये राहत्या घरात सुरू झालेलं त्यांचं औषधांचं काम तोवर, १९०१ मध्ये, ‘बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’ या नावानं कंपनी झालं होतं. मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर अशा शिष्यांची एक पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. रे यांचं १६ जून १९४४ रोजी निधन झालं.

आता हा प्रयोग करायचा का?

नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीच्या काठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ते सुरू झालं. या परिसरातल्या आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी रे यांचा प्रयोग स्वतःच्या हातानं करावा, असं कुणालाही वाटेल. पण तो करू नये.

पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो. फरशीच्या फटीत गेलेला थेंब वर्षानुवर्षं खोलीतल्या हवेत वाफ सोडत राहतो. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं सूक्ष्मजीव मिथाइल-पारा करतात आणि तो माशांच्या शरीरात साठत जातो. जपानच्या मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यानं काय केलं, ते १९५६ पासून जगाला माहीत आहे. त्या गावाच्या नावानं झालेला आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि भारतानं तो १८ जून २०१८ रोजी मान्य केला. दवाखान्यातला पाऱ्याचा थर्मामीटर, रक्तदाब मोजायची पाऱ्याची पट्टी आणि प्रयोगशाळेतले पाऱ्याचे क्षार यांच्या जागी दुसरी साधनं येत आहेत. विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचं पाणी नांदेड शहर पितं. अशा गावात सिंकमध्ये काय ओतायचं याचा विचार प्रयोग मांडण्याआधीच करायला हवा.

मग धडा सोडून द्यायचा का? तीच गोष्ट तांबं दाखवू शकतं. क्युप्रस तांबं पाण्यात पाऱ्याच्या मर्क्युरस जोडीपेक्षाही कमी टिकतं, आणि त्याचा कच्चा माल प्रत्येक कॉलेजात आपसूक तयार होतो. साखरेच्या चाचणीत बेनेडिक्टचं किंवा फेलिंगचं द्रावण गरम केल्यावर जो विटकरी लाल साका बसतो, तो क्युप्रस ऑक्साइड. बहुतेक वेळा तो धुऊन टाकला जातो. तो गाळून घ्यावा, पाण्यानं नीट धुवावा, वाळवावा आणि विरल सल्फ्युरिक आम्लात घालावा. थोड्या वेळात द्रावण निळं होऊ लागतं आणि तळाशी तांब्याची भुकटी उरते. इथेही आम्लानं इलेक्ट्रॉन दिले नाहीत की घेतले नाहीत. निम्मं तांबं धातू झालं, निम्मं निळ्या द्रावणात गेलं.

एवढ्यावर थांबू नये. सुरुवातीला साका तोलावा, शेवटी भुकटी गाळून, वाळवून तीही तोलावी. एक ग्रॅम क्युप्रस ऑक्साइडपासून ०.४४ ग्रॅम तांबं मिळायला हवं. आकडा जमला तर फुटणं नेमकं निम्मं-निम्मं झालं हे मुलानं स्वतः सिद्ध केलं. ०.३८ किंवा ०.५० आला, तर वहीत ०.४४ लिहून सही घेण्याऐवजी साका ओला राहिला होता का, भुकटीचं वाळताना पुन्हा ऑक्साइड झालं का, गाळणकागदावर काही राहिलं का, हे विचारून प्रयोग पुन्हा मांडावा. प्रॅक्टिकलच्या गुणांत त्यानं फरक पडेलच असं नाही, पण आम्लात अल्कधर्मी क्षार कसा बसेल असं विचारणाऱ्याच्या रांगेत तो विद्यार्थी जाऊन बसेल.